लाँचच्या सहा खिडक्या

वडगाव रासाईपासून थोडं खाली, भीमेच्या काठावर आमचं गाव. गावच्या दूध सोसायटीची एक लाँच होती, अजून आहे. पलीकडच्या काठावर दौंड तालुक्यातल्या वस्त्या; तिथलं दूध अलीकडं आणायला ती घेतलेली. कुठल्याशा धरणावर सहलीची माणसं फिरवून जुनी झाल्यावर ती आमच्याकडं आली. मागं दुधाचे कॅन, पुढं केबिनमध्ये माणसं. केबिनला सहा खिडक्या. दोन समोर, दोन्ही बाजूंना दोन-दोन.

ती लाँच माझा थोरला भाऊ चालवायचा. आमच्या बौद्धवस्तीतला माणूस सोसायटीच्या पगारावर असणं साधं नव्हतं. भाऊ इंजिन दुरुस्त करायचा, तळ रंगवायचा, जलपर्णी पंख्यात अडकली की थंडीतही पाण्यात उतरून काढायचा. हे सगळं दुसरा कुणी करत नव्हता म्हणून त्याची नोकरी टिकून होती. त्याला ते माहीत होतं. मला नव्हतं. मला वाटायचं, जग बदललं.

मी शिरूरला राहायचो आणि एमआयडीसीतल्या एका कंपनीत कामाला होतो. मशिनभोवती जी पारदर्शक आवरणं लागतात ती आम्ही बनवायचो, आणि मी तपासणी खात्यात होतो. शीटवर ओरखडा आहे का, भोकाजवळ चीर आहे का, उलटी बसवली आहे का, ते बघायचं आणि लाल खडूनं फुली मारायची. कंत्राटावर सहा वर्षं झाली होती. गावी गेलो की लोक विचारायचे, "पर्मनंट झाला का?" आणि मी म्हणायचो, "होतंय."

लाँचच्या खिडक्यांना आधी साधी काच होती. एका दुपारी दुधाचा कॅन घसरून बाजूच्या खिडकीवर आदळला. काच फुटली ती खिडकीजवळ बसलेल्या बाईच्या मांडीत पडली. ती दौंडला दवाखान्यात चालली होती, माहेरच्या बाळंतिणीला बघायला. दंडाला टाके पडले. तिचा नवरा गावातला वजनदार माणूस. दुसऱ्याच दिवशी सोसायटीत बोलाबोली झाली आणि चेअरमननं ठरवलं, काच बंद. दुसरं काहीतरी बसवायचं.

भावानं माझं नाव सुचवलं. मला फोन आला तो चेअरमनचा स्वतःचा.

"तू त्या प्लॅस्टिकच्या काचांच्या कंपनीत हाईस न्हवं? मंग सांग बरं काय बसवायचं. फुटाय नको. आन् सोसायटीला झेपंल असं बघ."

"बघतो, आप्पा," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा गावानं मला काही विचारलं होतं.

दोन रविवार मी त्यातच घालवले. दौंडला काचवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, टफन ग्लास घ्या, फुटली तरी खड्यासारखी फुटते, कुणाला कापत नाही. पण ती मापाची पुण्याहून करून आणावी लागणार, नंतर एक सूतही कापता येत नाही, आणि सहा खिडक्यांचं वजन त्या म्हाताऱ्या केबिनवर. भाव ऐकून चेअरमन फोनवर नुसते खोकले. मग दौंडच्याच बोर्ड रंगवणाऱ्याकडं ॲक्रिलिक पाहिलं. दिसायला काचेहून स्वच्छ, उन्हानं पिवळं पडत नाही, करवतीनं कापता येतं. पण जोराचा मार बसला की तडकतं, आणि भोक घट्ट पाडलं तर स्क्रूपासून चीर धावते. शिरूरला सीट शिवणारा एक मामा होता. तो म्हणाला, "रिक्षाला लावतो तो पारदर्शक पडदा लावा. गुंडाळला की झालं." स्वस्त होतं, पण सुकाणू धरणाऱ्यानं पडद्यातून नदी कशी बघायची?

राहिलं पॉलिकार्बोनेट. आमच्या कंपनीतलं रोजचं काम. हातोडा मारला तरी फुटत नाही, वजनाला हलकं. नवी शीट घ्यायची तर भाव टफन ग्लासच्या खालोखाल. म्हणून मी तळेगाव ढमढेरेच्या रस्त्याला एका भंगारवाल्याकडं गेलो. एमआयडीसीतल्या कंपन्यांचे जुने पत्रे, शीटचे उरलेले तुकडे त्याच्याकडं येतात. तिथं सहा खिडक्यांना पुरतील असे तुकडे उभे करून ठेवले होते, धुऊन पुसून लखलखीत.

मी ते हातात घेतले आणि पहिल्यांदा जे बघायचं तेच बघितलं. नव्या शीटवर दोन्ही बाजूंना पातळ फिल्म असते. एका बाजूच्या फिल्मवर छापलेलं असतं की ही बाजू उन्हाकडं ठेवा. त्या बाजूला उन्हापासून वाचवणारा लेप असतो. तो लेप डोळ्यांना दिसत नाही. लेप आत गेला, किंवा मुळातच नसला, तर ऊन खाऊन शीट पिवळी पडते, मग धुरकट होते. इकडच्या उन्हात दोन-तीन उन्हाळे पुरे.

"भाई, फिल्म कुठं आहे?" मी विचारलं.

"फिल्लम तो निकाल दी, साहब," भंगारवाला म्हणाला. "धूप में चिपक जाती है. अब देखो कितना चमकता है."

"पण बाजू कुठली ते कसं कळणार?"

तो हसला. "दोनों तरफ से दिखता है ना?"

मी कंपनीत असतो तर त्या तुकड्यांवर लाल फुली मारली असती. भंगारवाल्याच्या अंगणात मात्र मी मनाशी म्हणालो, निम्म्या तरी सुलट्या बसतील. आणि पिवळ्या पडेपर्यंत सोसायटी नव्या घेईल. हा विचार मला कुणी शिकवला नव्हता. चेअरमनला 'स्वस्तात झालं' म्हणून दाखवायचं होतं, एवढंच.

सोसायटीच्या ओट्यावर मी एक तुकडा दोन विटांवर ठेवला आणि हातोडा चेअरमनच्या हातात दिला. "मारा, आप्पा."

त्यांनी आधी भीत भीत मारला. मग जोरात. मग हसत हसत चार-पाच दणके घातले. ओट्यावर जमलेली माणसं पुढं सरकली. ज्यानं त्यानं हातोडा मागितला. तुकडा नुसता वाकून परत सरळ व्हायचा.

"लेका, येडंच हाय की हे!" चेअरमन म्हणाले. "आन् एवढ्यात? आरं, काचवाल्यानं तर मला नागवाच केला आसता."

भाऊ मागं उभा होता. त्याच्या तोंडावर मी कधी न पाहिलेलं हसू होतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून खिडक्या बसवल्या. मी मापं घेतली, भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडली, कडेनं रबर लावलं. सगळं रीतसर केलं. फक्त कुठली बाजू बाहेर, हे नाणं उडवल्यासारखं.

निघताना मी भावाला बजावलं, "दादा, डिझेलचं फडकं लावू नको हां. थिनर, रॉकेल काही नाही. साबणाचं पाणी आणि मऊ कापड. नाहीतर धुरकट होतील."

"बरं," तो म्हणाला. त्याच्या 'बरं'चा अर्थ 'झालं' असाच असायचा. वहिनींनी जुन्या बनियनची फडकी करून दिली. एक छोटी बादली त्यानं फक्त खिडक्यांसाठी ठेवली होती. गावी गेलो की मी बघायचो, सकाळची पहिली फेरी सुटायच्या आधी तो काचा पुसत असायचा. लेपाबद्दल मात्र मी त्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं पहिला प्रश्न हाच विचारला असता की मग आणल्या कशाला.

पहिला उन्हाळा गेला. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी भाऊ म्हणाला, "समोरच्या दोन पिवळ्या दिसाय लागल्यात. बाजूच्या बऱ्या हायेत."

"बघू," मी म्हणालो.

दिवाळीत तो पुन्हा म्हणाला. "ऊन समोरून आलं की पांढरं फटक दिसतं. कायबी समजत न्हाई. चेअरमनला सांगितलं तर म्हणत्यात, तुझ्या भावालाच इचार."

त्याच महिन्यात आमच्याकडं पर्मनंट करायची यादी निघायची होती. मी रविवारीही कामावर जात होतो. "पुढच्या महिन्यात बदलू," मी म्हणालो. तेव्हाही ते अगदी सोपं होतं. समोरच्या दोन खिडक्या काढून बाजूच्या चांगल्या राहिलेल्यांतल्या दोन तिथं लावल्या असत्या तरी भागलं असतं. एका तासाचं काम. मी गेलो नाही.

अपघात थंडीत झाला. पलीकडचा घाट नदीच्या खालच्या अंगाला आहे, त्यामुळं सकाळी जाताना लाँचचं तोंड उगवतीकडं होतं. पाण्यावर धुकं, त्यावर नुकतं आलेलं ऊन. जलपर्णीच्या मधून जी मोकळी वाट असते तिच्यात एक म्हातारे मासेमार आपल्या लहान होडीत जाळं ओढत होते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. भावानं केबिनच्या दारातून मान बाहेर काढून पुढं मोकळं आहे का ते बघितलं होतं, पण वळणावर मान पुन्हा आत घेतली, आणि समोरच्या खिडकीत पांढऱ्या उजेडाशिवाय काही नव्हतं. आबांची आरोळी ऐकू आली तेव्हा होडी लाँचच्या नाकाखाली होती.

भावानं इंजिन बंद करून तशीच पाण्यात उडी मारली. आबांना त्यानंच वर काढलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. होडीच्या फळ्या जलपर्णीत अडकल्या, त्या दुपारपर्यंत तिथंच हलत होत्या.

मी संध्याकाळी दौंडच्या दवाखान्यात पोचलो. भाऊ ओल्या कपड्यांतच बाकावर बसला होता. मला बघून एवढंच म्हणाला, "दिसलं न्हाई रं."

चार दिवसांनी सोसायटीत बैठक भरली. आबांचे पुतणे, लाँचमधले उतारू, पंचायतीची माणसं. कुणीतरी आधी म्हणालं, भावानं घेतली असेल. पण उतारूंपैकी एका बाईनं ठणकावून सांगितलं, "आमी रोज जातोय. तो माणूस तसला न्हाई." मग कुणी खिडकीची गोष्ट काढली. समोरच्या दोन्ही खिडक्या काढून ओट्यावर आणल्या. पिवळ्या, धुरकट, जशी ताकाची रिकामी बाटली. बाजूची एक शेजारी ठेवली. ती स्वच्छ.

"मालाचाच दोष आसंल तर समद्या खराब व्हायला पायजे व्हत्या," चेअरमन म्हणाले. "दोनच कशा?"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला त्या दिवशी पुढं खुर्ची दिली होती. प्लॅस्टिकची, पण चेअरमनच्या शेजारी. आमच्या वडिलांना त्या ओट्यावर बसायला कधी कुणी म्हणालं नव्हतं. माझा भाऊ खाली, खांबाला टेकून उभा होता.

"आमच्या पुतण्यानं सांगितलं," चेअरमन म्हणाले, "इंजिनाचं डिझेलचं फडकं ह्यो काचंवर फिरवायचा. समोरच्याच काचा रोज पुसाव्या लागत्यात, म्हणून त्याच गेल्या. तू ह्यातला जाणकार. डिझेलनं आसं व्हतं का?"

उत्तर माझ्यापाशी होतं. समोरच्या दोन उलट्या बसल्यात. लेप आतल्या बाजूला गेला. फिल्म नव्हती हे मला दुकानातच दिसलं होतं. तीन वाक्यं. ती बोलायला माझं तोंड उघडलंसुद्धा. आणि मग मला खुर्ची आठवली, हातोडा आठवला, गावात मला विचारणारी माणसं आठवली, आणि दिवाळीपासून पुढं पुढं ढकललेली ती यादी. जाणकारानंच उलटी शीट बसवली हे कंपनीत कळलं तर काय होईल तेही आठवलं. कंपनीत कोण सांगणार होतं? कुणीच नाही. पण भित्र्या माणसाला भीतीचा पत्ता विचारायचं सुचत नाही.

मी म्हणालो, "डिझेलनं असं होऊ शकतं."

ते खोटं नव्हतं. कुठल्याही तज्ज्ञाला विचारा. तो हेच म्हणेल. आजही ते वाक्य मी मनात उलटंसुलटं करून बघतो, त्यात एक शब्द खोटा सापडत नाही. आणि त्याच वाक्यानं मी माझ्या भावाची नोकरी घालवली.

भावानं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. मी पुढं अजून काहीतरी बोलेन, म्हणून तो थांबला होता. मी काही बोलत नाही हे पाहिल्यावर त्यानं मान खाली घातली.

"तुला काय म्हणायचंय का?" चेअरमननं त्याला विचारलं.

"म्या डिझेल लावलं न्हाई."

"तुझा सख्खा भाऊ म्हणतोय की."

"त्यानं व्हऊ शकतं म्हणलंय," भाऊ म्हणाला. एवढ्या गर्दीत माझं वाक्य नीट ऐकलेला तो एकटाच होता.

आठवडाभरात त्याला काढलं. लाँच चेअरमनच्या पुतण्याकडं गेली. आबांच्या दवाखान्यासाठी गावानं वर्गणी काढली, भावानं वहिनींचं डोरलं त्यात घातलं. आबा काठीनं घरापर्यंत चालू लागले, पण होडीत पुन्हा बसले नाहीत.

एका दुपारी वहिनी शिरूरला माझ्या घरी आल्या. आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच त्यांनी एक गठुडं माझ्यासमोर सोडलं. बनियनची फडकी. धुतलेली, घड्या घातलेली.

"वास घिऊन बघा, भावजी," त्या म्हणाल्या. "डिझेलचा येतोय का सांगा."

 माझ्या बायकोनं त्यांना पाणी दिलं. त्यांनी तांब्याला हात लावला नाही.

चेअरमननं मला पुन्हा बोलावलं. नव्या खिडक्या निवडायच्या होत्या. ह्या वेळी मी म्हणालो, आप्पा, भंगारातलं नको, नवीच शीट घ्या. त्यांनी हूं की चूं न करता घेतली; एक माणूस मोडल्यावर तेवढं परवडतं. मी फिल्मवरचं वाचून एकेक खिडकी बसवली, छापील बाजू बाहेर, आणि बसवून झाल्यावरच फिल्म सोलली. पुढच्या प्रजासत्ताक दिनाला सोसायटीनं शाल आणि नारळ देऊन माझा सत्कार केला. 'आपल्या गावचे तंत्रज्ञ' असं माईकवरून म्हणाले. मी शाल घेतली. त्याच महिन्यात यादीत माझं नाव आलं.

त्या खिडक्यांना आता चार उन्हाळे झाले. काचेसारख्या स्वच्छ आहेत. पुतण्या त्या कशानं पुसतो, देव जाणे. आठवड्यातून एकदा पुसत असला तरी खूप. पण गावातली माणसं लाँचमध्ये बसली की एकमेकांना दाखवतात, "बघा, डिझेल न लावल्यावर कशा ऱ्हायल्यात." मी नीट केलेलं कामसुद्धा माझ्या भावाच्या विरुद्ध साक्ष देत फिरतंय, रोज चार फेऱ्या.

तीन वर्षं मी ते ऐकलं. मग एका सकाळी न्हावऱ्यावरून गाडी सरळ गावाकडं घातली आणि चेअरमनच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. फिल्म, लेप, उलटी बाजू, माझं वाक्य. ते शेंगा सोलत होते. सोलायचे थांबले नाहीत.

"झालं का?" ते म्हणाले.

"आप्पा, हे बैठकीत सांगायचंय मला. भावाचं नाव साफ व्हायला पाहिजे."

"कशापायी? आता कोण इचारतंय? आन् खरं सांगू का, पुतण्याला कुठंतरी लावायचाच व्हता. तू नस्ता बोलला तरी आमी काय तरी काढलंच आसतं." त्यांनी शेंगांचं ताट माझ्याकडं सरकवलं. "घे, खा. तू कामाचा माणूस हाईस. भावाच्या नादी लागू नको."

म्हणजे माझा खोटेपणा त्यांना लागलाही नव्हता. मी तो फुकट केला होता. हे कळल्यावर मला जे वाटलं त्याला पश्चात्ताप म्हणता येणार नाही. नुसती किळस होती, आणि त्यातली निम्मी माझी.

तिथून मी दौंडला गेलो. भाऊ तिथं एका गोदामावर वॉचमन आहे. रेल्वे लाइनच्या पलीकडं दोन खोल्यांत राहतो. ड्युटीचा शर्ट घालत होता. मी उभ्या उभ्याच सांगितलं, चेअरमनला काय बोललो ते, त्यांनी शेंगांचं ताट पुढं सरकवलं ते, आधीचंही सगळं.

त्यानं बटणं लावून होईपर्यंत ऐकलं.

"बाजू उलटी लागली व्हती, ते मला तवाच कळलं व्हतं," तो म्हणाला. "बैठक झाल्यावर त्या काचा घरी आणल्या व्हत्या. आतली बाजू नखानं खरडली तर येगळी लागायची. बाहेरची भुगा झालेली."

"मग बोलला का नाही?"

"तू बोलशील म्हणून. तू साहेब माणूस. म्या बोललो आसतो तर म्हणले आसते, आपली चूक भावावर ढकलतोय. तुझं खरं धरलं आसतं." त्यानं टोपी झटकली. "आन् मंग पर्मनंट झालास. म्हणलं, चला, एकाचं तरी झालं. आता एवढ्या दिसांनी चेअरमनला सांगून आलास. मला इचारलंस का?"

"तुझं नाव साफ व्हावं म्हणून..."

"माझं न्हाई. तुझं." तो शांतपणे म्हणाला. "म्या गप ऱ्हायलो त्याला कायतरी किंमत व्हती. ती बी तू घालवून आलास. आन् मिळालं काय? शेंगा."

आत वहिनी भांडी लावत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं. चहाचं कुणी विचारलं नाही, आणि मीही बसलो नाही.

भाऊ गाडीपर्यंत आला. पूर्वी मी निघालो की तो माझ्या गाडीच्या टायरला लाथ मारून हवा बघायचा. आज हात पाठीमागं बांधून उभा होता.

"पुढच्या बारीला यायचं झालं," तो म्हणाला, "तर आधी फोन करत जा."